वीज नाशिकची, डोंगर चंद्रपूरचा: कोळसा खाणीशेजारचे मातीचे ढिगारे कोसळतात कसे, आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं?

नाशिक रोडवरून एकलहऱ्याच्या दिशेने निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच, एकूण क्षमता ६३० मेगावॅट. नाशिक जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. इथे जळणारा कोळसा रेल्वेच्या वाघिणींमधून येतो आणि त्यात विदर्भातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'वेकोलि'चा कोळसाही असतो.

कोळसा इथे येतो, जळतो आणि मागे राख ठेवतो. त्या राखेची चर्चा एकलहऱ्यात कायम होते. पण कोळसा बाहेर काढण्याआधी त्याच्या डोक्यावरची जी माती, मुरूम आणि दगड उपसून बाजूला टाकावा लागतो, त्याबद्दल नाशिकमध्ये कुणी बोलत नाही. कारण तो सगळा माल तिकडेच राहतो. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या बाजूला रस्त्याने जाताना जे सपाट माथ्याचे, पायऱ्या पाडल्यासारखे डोंगर दिसतात, ते हेच.

हिशेब ढोबळ आहे, पण करून बघा. एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी झाले ७० किलो. वेकोलिच्या खुल्या खाणींमध्ये एक टन कोळसा मोकळा करायचा तर चार-पाच घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. म्हणजे त्या ७० किलो कोळशामागे एक तृतीयांश घनमीटरच्या आसपास, वजनात अर्ध्या टनापेक्षा जास्त. एका घराचं, एका महिन्याचं.

आता हे सगळं वर्षानुवर्षं एकाच जागी साचत गेलं तर तयार होणारा डोंगर किती स्थिर असतो? तो घसरला तर कुणावर घसरतो? आणि तो घसरू नये हे बघण्याची जबाबदारी नेमकी कुणाची?

खड्ड्यातलं खड्ड्यात परत का टाकत नाहीत?

सगळ्यात आधी मनात येणारा प्रश्न हाच असतो. टाकतात, पण सगळं मावत नाही. जमिनीत लाखो वर्षं दाबून बसलेला खडक फोडला की तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि तोच खडक पाव ते एक तृतीयांश जास्त जागा खातो. शिवाय खाण सुरू होते तेव्हा सुरुवातीची काही वर्षं खड्ड्यात टाकायला जागाच नसते, कारण तिथूनच कोळसा काढायचा असतो. त्यामुळे पहिला ढिगारा खाणीच्या बाहेर, संपादित केलेल्या जमिनीवर रचला जातो. खाण पुढे सरकली की मग मागच्या रिकाम्या जागेत आतला ढिगारा सुरू होतो.

खाणीतले लोक या मालाला 'ओव्हरबर्डन' किंवा नुसतं 'ओबी' म्हणतात. बाहेरचा ढिगारा घसरला तर धोका शेताला, रस्त्याला, नाल्याला, गावाला. आतला घसरला तर खाली कोळशावर काम करणाऱ्या माणसांना आणि मशीनना.

ढिगारा घसरतो कसा?

बांधकामाच्या जागेवर ट्रकमधून वाळू ओतताना बघितलंय ना? ती आपोआप एका ठरावीक उतारावर थांबते. त्याहून उभी करायला गेलं की कडेने ओघळते. खाणीच्या ढिगाऱ्याचंही तसंच आहे, फक्त त्यात एकसारखी वाळू नसते. वरची काळी माती, तिच्याखालची चिकणमाती, वालुकाश्माचे तुकडे, कोळशाच्या थराजवळचा ठिसूळ शेल, सगळी खिचडी असते. कुठला डंपर कुठे काय ओतून गेला त्यावर त्या जागेची ताकद ठरते.

कोरड्या उन्हाळ्यात हे सगळं उभं राहतं. मग पाऊस येतो.

पाणी इथे दोन कामं करतं. एक म्हणजे ढिगाऱ्याचं वजन वाढवतं, हे सरळ आहे. दुसरं काम जास्त घातक. कणाकणांमध्ये साठलेलं पाणी त्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. ढिगारा उभा असतो तो कणांच्या एकमेकांवरच्या घर्षणामुळे, आणि तेच घर्षण कमी होतं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ जणांचा जीव घेणारी दरड मुसळधार पावसातच आली होती. फरक इतकाच की तिथला डोंगर निसर्गाने उभा केलेला होता. खाणीचा डोंगर माणसाने रचलेला असतो, त्यामुळे तो कसा रचला याचा जाब विचारता येतो.

विदर्भात यात एक स्थानिक अडचण भर घालते. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी काळ्या कापसाच्या मातीचा आहे. निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला ही माती वेगळी सांगायला नको. उन्हात भेगा पडतात, पाण्यात फुगते आणि ओली झाली की पाय ठरत नाही. ही माती न काढता तिच्यावरच ढिगारा रचला तर तो वरून कितीही नीट दिसला, तरी खालचा पायाच निसरडा राहतो. मग कडेचे चार दगड ओघळत नाहीत. आख्खा ढिगारा पायासकट सरकतो.

तिसरं कारण पायथ्याचं. रचलेल्या ढिगाऱ्याचा पायथा वरच्या भाराला टेकू देत असतो. तिथे रस्ता काढायला, नाला वळवायला किंवा कोळसा काढायला खोदलं की टेकू जातो.

इंजिनीअर हे सगळं एका आकड्यात मांडतात. ढिगाऱ्याला धरून ठेवणारी ताकद भागिले त्याला खाली ओढणारी ताकद. उत्तर एकपेक्षा जितकं जास्त तितका ढिगारा सुरक्षित. एकच्या खाली गेलं की तो घसरणार. अडचण अशी की हा आकडा कायमचा नसतो. मे महिन्यात काढलेला आकडा ऑगस्टमध्ये खरा राहीलच असं नाही.

हे खरंच घडलंय का?

हो, आणि महाराष्ट्रातही. ४ जून २००९ ला चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातल्या सास्ती खुल्या खाणीत ढिगारा घसरून दोन जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २४ जून २००० ला वेकोलिच्याच कवडी खुल्या खाणीत दहा जण गेले होते. कवडीत घसरला तो टाकलेला ढिगारा नव्हता, खाणीच्या खणलेल्या पायऱ्या होत्या. पण देशभरातल्या खाण अभियंत्यांना खुल्या खाणीचा उतार किती माणसं गिळू शकतो हे तिथे दिसलं. तोपर्यंत मोठ्या दुर्घटना म्हटलं की भूमिगत खाणीच डोळ्यांसमोर यायच्या. पाणी घुसणं, वायूचा स्फोट, छत कोसळणं.

सगळ्यात मोठा हादरा २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी बसला. झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात, ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या राजमहल प्रकल्पातल्या लालमटिया इथे ढिगारा खचला आणि २३ जण गाडले गेले. त्यात कंत्राटी कामगार होते. त्या वेळी सरकारी पातळीवर दिलेली माहिती अशी होती: सुमारे ३०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद भाग जवळपास ३५ मीटर खाली सरकला आणि त्यात सुमारे ९५ लाख घनमीटर माल होता. ढिगाऱ्याखालची घट्ट जमीनच सरकली, असं त्या निवेदनात म्हटलं होतं. आणि महिना बघा, डिसेंबर. पाऊस संपला म्हणून धोका संपला, असं नसतं.

नियम काय म्हणतात?

कागदावर नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. २७ नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे राजमहलनंतर अकरा महिन्यांनी, नवे कोळसा खाण विनियम आले आणि १९५७ चे जुने विनियम बाद झाले. ढिगाऱ्यांसाठी त्यात विनियम १०८ आहे. ढिगाऱ्याचा उतार त्या मालाच्या नैसर्गिक उतारापेक्षा जास्त नको आणि कुठल्याही परिस्थितीत ३७.५ अंशांच्या वर नको. उंची ३० मीटरच्या वर जाणार असेल तर टप्पे पाडायचे, एकही टप्पा ३० मीटरपेक्षा उंच नको. सगळे टप्पे धरून एकूण उतार एकास दीड, म्हणजे एक मीटर चढायला किमान दीड मीटर आडवं अंतर. वरची सुपीक माती वेगळी साठवायची. सार्वजनिक रस्ता, रेल्वे, दुसऱ्याची इमारत यांच्यापासून अंतर ठेवायचं, आणि चालू ढिगाऱ्याच्या पायथ्याशी धोका असेल तिथे कुणाला जाऊ द्यायचं नाही.

खरा महत्त्वाचा बदल विनियम १०६ मध्ये आहे. यंत्रांनी चालणारी खुली खाण सुरू करण्याआधी खाणीचा उतार, ढिगाऱ्याचा उतार आणि त्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत ही शास्त्रीय अभ्यासातून ठरलेली असली पाहिजे. आधीपासून चालू असलेल्या खाणींना हा अभ्यास करून घ्यायला एक वर्ष दिलं गेलं. म्हणजे नुसता कोन मोजून भागणार नाही, तुमच्या मातीची, तुमच्या पायाची, तुमच्या पाण्याची तपासणी करा, असं कायदा पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे म्हणाला.

आणि त्या अभ्यासाचा अहवाल ठेवायचा कुठे? खाणीच्या कार्यालयात.

इथेच सगळं अडतं. ढिगाऱ्याच्या खाली ज्याचं शेत आहे, ज्याची शाळा आहे, ज्याचा रोजचा रस्ता आहे, त्याच्यापर्यंत तो अहवाल पोहोचवण्याची सोय या तरतुदीत नाही. अभ्यास धनबादच्या सिम्फर, सीएमपीडीआय किंवा एखाद्या आयआयटीसारख्या संस्थेकडून करून घेतला जातो. संस्था नावाजलेल्या आहेत, त्यांच्या गणिताबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण अभ्यास करून घेणारी खाण, पैसे देणारी खाण आणि अहवाल सांभाळणारीही खाणच.

मग तपासतं कोण?

एकापेक्षा जास्त जण, आणि हीसुद्धा अडचणच आहे.

खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, केंद्राच्या कामगार मंत्रालयाखाली येतं. मुख्यालय धनबादला, नागपुरातही कार्यालय. कोन, उंची, शास्त्रीय अभ्यास हे त्यांचं काम. धोका दिसला तर काम थांबवायचे आदेश ते देऊ शकतात. पण नजर मुख्यतः खाणीतल्या कामगाराच्या सुरक्षेवर. ज्या खाण कायद्यावर हे सगळं उभं होतं तो १९५२ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि मधल्या काळात जुने विनियमच चालू राहतील असं सरकारने सांगितलं आहे.

दुसरीकडे पर्यावरण मंजुरी. ती देतं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि तिच्या अटींमध्येही ढिगारा येतो. किती हेक्टरवर, किती उंच, पायथ्याला संरक्षक भिंत, भोवती पाणी अडवून वळवणारे चर, गाळ बसवायची तळी, उतारावर झाडं. कोळसा खाणींच्या अनेक मंजुऱ्यांमध्ये एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. विनियम १०८ चा एकास दीड म्हणजे जवळपास ३४ अंश. एकाच ढिगाऱ्याला दोन वेगळी मापं. खाण अधिकारी एका कागदावर नियमात असतो तेव्हा दुसऱ्या कागदावर नियमाबाहेर असू शकतो.

हे सहा अंश किरकोळ वाटतील. ६० मीटर उंच ढिगाऱ्याला ३४ अंशांवर कडेला साधारण ९० मीटर आडवी जागा लागते, २८ अंशांवर ११३ मीटर. म्हणजे चारही बाजूंनी प्रत्येकी साधारण तेवीस मीटर जादा जमीन. ती जमीन कुणाची तरी शेती असते. तिचा मोबदला आणि बदल्यात नोकरी हा विदर्भातल्या खाणपट्ट्यातला वर्षानुवर्षांचा संघर्ष आहे. त्यात भर म्हणजे माती उपसण्याचं काम आता बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर जातं, दर घनमीटरमागे आणि वाहतुकीच्या अंतराप्रमाणे. डंपर जितका लांब जाईल तितका खर्च जास्त. जमीन महाग, अंतर महाग. या दोन्हीचा जोर एकाच दिशेने लागतो: जवळ टाका, उंच टाका. ढिगारे नियमाच्या कडेला का जाऊन टेकतात याचं उत्तर मातीच्या गुणधर्मांइतकंच या हिशेबात आहे.

पूर आला की मग तिसरा माणूस लागतो, जिल्हाधिकारी. चंद्रपूर आणि वणी भागात इरई आणि वर्धा नदीच्या काठचे ढिगारे नदीची वाट अरुंद करतात, त्यांची माती पात्रात येते आणि त्यामुळे पूर गावात शिरतो, अशी तक्रार तिथले नागरिक आणि पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. ढिगारा कोसळला नाही, नुसता झिजला तरी त्रास होतो तो असा.

नाशिकला या विषयातलं जरा जास्तच कळतं

कारण नाशिकमध्ये 'मेरी' आहे. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. मातीच्या धरणाचा उतार किती ठेवायचा, पाणी झिरपलं तर काय होईल, पाया कसा तपासायचा, हे काम राज्यासाठी इथे पिढ्यान् पिढ्या चालतं. धरण सुरक्षितता संघटनाही नाशिकचीच. आणि शहराला पाणी देणारं गंगापूर धरण स्वतः मातीचं आहे, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं, उंची साधारण ३६ मीटर.

आता तुलना करा. गंगापूर धरणाचा प्रत्येक थर ओला करून, रोलर फिरवून दाबलेला आहे. मधोमध पाणी अडवणारी चिकणमाती, कडेला पाणी निघून जायची सोय. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे १५ मीटरपेक्षा उंच धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते, आणीबाणीचा कृती आराखडा लागतो, खालच्या गावांना इशारा कसा द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं.

खाणीचा ढिगारा ३०-३० मीटरचे दोनच टप्पे चढला तरी गंगापूर धरणापेक्षा दीडपटीहून उंच होतो. तो डंपरमधून ओतलेला असतो, रोलरने दाबलेला नसतो. अर्थात त्याच्यामागे पाण्याचा साठा नसतो, त्यामुळे दोघांचा धोका सारखा नाही, हे मान्यच. पण दोन्ही मातीचीच बांधकामं आहेत. एकाला कायदा बांधकाम मानतो, दुसऱ्याला टाकाऊ माल. पायथ्याच्या गावाला इशारा द्यायची सक्तीची पद्धत एकाला आहे, दुसऱ्याला तशी नाही.

हा फरक मिटायला ब्रिटनला फार मोठी किंमत मोजावी लागली होती. २१ ऑक्टोबर १९६६, वेल्समधलं ॲबरफॅन गाव. डोंगरावर रचलेला कोळसा खाणीचा सात नंबरचा ढिगारा सकाळी सव्वानऊच्या सुमारास खाली आला आणि शाळेवर बसला. १४४ मृत्यू, त्यात ११६ मुलं. ढिगारा फक्त ३४ मीटर उंच होता, पण तो एका झऱ्यावर रचला होता. तिथले ढिगारे आधीही घसरले होते, १९६३ मध्ये स्थानिक कौन्सिलने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या मालाबद्दल पत्रव्यवहारही केला होता. चौकशीत समोर आलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे: तेव्हाचा खाण कायदा कामगारांच्या सुरक्षेपुरता होता, बाहेरच्या ढिगाऱ्याकडे तो बघतच नव्हता. १९६९ मध्ये ब्रिटनने फक्त ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, त्यात बंद पडलेल्या खाणींचे ढिगारेही घेतले, आणि जनतेची सुरक्षा हा त्याचा हेतू म्हणून लिहिला.

काही चांगलं चाललंय का?

चाललंय. मोठ्या खुल्या खाणींमध्ये उतारावर नजर ठेवणारे रडार आलेत, ते मिलिमीटरची हालचालही टिपतात आणि माणसं हटवायला वेळ मिळतो. ड्रोनने ढिगाऱ्याचा खरा आकार मोजता येतो, त्यामुळे कागदावरचा आणि जमिनीवरचा उतार ताडून बघणं आता अवघड राहिलेलं नाही. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात भानेगाव इथे याच मालातून वाळू वेगळी काढायचं काम सुरू केलं, ती वाळू घरकुलांसाठी दिली गेली. सावनेरजवळ खाण पर्यटनाचा इको पार्क आहे. जितकी वाळू निघेल तितका ढिगारा कमी, नदीतला उपसाही कमी. पण रोज उपसल्या जाणाऱ्या मालापुढे हे प्रमाण फार लहान आहे. झाडं लावल्याने वरचा थर धरला जातो, खोलवरचा निसरडा पाया झाडांच्या मुळांना लागत नाही. हिरवा दिसणारा ढिगारा स्थिर असेलच असं नाही, हे फोटो बघताना लक्षात ठेवायला हवं.

कुणाला बघायचंच असेल तर?

प्रत्येक खाणीचं पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर शोधता येतं. त्यात त्या खाणीच्या ढिगाऱ्याची मंजूर उंची आणि उतार लिहिलेला असतो. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक असतो. या अहवालांमध्ये बऱ्याचदा अटीसमोर नुसतं 'पालन केले' एवढंच असतं. तिथे खरा आकडा आहे का, मोजल्याची तारीख आहे का, हे बघायचं.

ढिगाऱ्याच्या माथ्यावर कडेला समांतर जाणाऱ्या भेगा, पायथ्याशी जमीन फुगलेली दिसणं, पायथ्यातून अचानक गढूळ पाणी यायला लागणं, या खुणा साध्या डोळ्यांना दिसतात. त्या दिसल्या तर जवळ जाऊन व्हिडिओ काढायचा नाही, लांबूनच फोटो काढून तारखेसह खाण व्यवस्थापक, डीजीएमएसचं नागपूर कार्यालय आणि तहसीलदार अशा तिघांनाही लेखी कळवायचं.

आणि तो खाणीच्या कार्यालयातला अहवाल? वेकोलि सरकारी कंपनी आहे, तिला माहिती अधिकार लागू होतो. अर्जात विनियम १०६ खालच्या अभ्यासाची प्रत, तो कुठल्या वर्षी झाला, त्यानंतर ढिगाऱ्याची उंची किती वाढली आणि गेल्या पावसाळ्यातल्या उताराच्या नोंदी, एवढं मागितलं तरी पुरे. उत्तराची मुदत ३० दिवस. सास्तीचा ढिगारा ४ जूनला घसरला होता, त्यामुळे अर्ज एप्रिलच्या आत गेलेला बरा.